आमच्या घरी कुणी उपाशी झोपलं नाही

"बाबा, हा सदरा काढा. कामावरचा घालून या."

सर म्हणाले. क्लासचे मालक ते, पण सगळे सरच म्हणतात. मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलून राहिले. मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

अंगावर पांढरा सदरा होता. नवा. पोरीच्या मायनं सकाळी तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली होती. कॉलर मनासारखी बसली नाही म्हणून परत केली. डोक्याला फेटा बांधून मी नांदेडच्या त्या मंगल कार्यालयात आलो होतो, कारण लेकीचा सत्कार होता. रेणुका तिचं नाव. माहूरच्या देवीचं. एसटीत कंडक्टर आहे. ड्यूटी करत करत राज्यसेवेची परीक्षा दिली तिनं. पूर्व निघाली, मुख्य निघाली. आता मुलाखत तेवढी राहिली होती. तिथवर पोचलेल्या सगळ्या पोरांना क्लासनं आईबापासहित बोलावलं होतं.

"का काढू?" मी विचारलं.

"फोटोत कष्ट दिसले पाहिजेत ना, बाबा. तुम्ही असे नटून आलात तर लोकांना काय भिडणार?"

"आज माझी सुट्टी हाय, सर. सुट्टीच्या दिवशी कामावरचा सदरा कोण घालतं?"

सर हसले. कॅमेरावाला हसला. मग सर जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् आवाज उतरवून म्हणाले, "रेणुकाची मुलाखतीची तयारी आम्हीच करून घेतोय. रिटायर झालेले मोठमोठे अधिकारी येतात आमच्याकडे तिच्यासाठी. तुम्ही एवढंसं नाही करणार?"

हात खांद्यावर होता. जोर गळ्यावर आला.

मी मंडपाचं काम करतो. मालक दुसरा, मी कामाला. बांबू उभे करायचे, कनाती बांधायच्या, स्टेज ठोकायचं, खुर्च्या लावायच्या, पाहुणे गेले की सगळं उतरवायचं. चौथीपर्यंत शिकलो, पुढं शाळा सुटली. वाचता येतं, पण अक्षराला अक्षर लावून, सावकाश. त्या दिवशीचं स्टेज आमच्याच मालकाचं होतं. मी सुट्टी घेतलेली, माझा जोडीदार खाजा कामावर. माझा कामावरचा सदरा टेम्पोत सीटमागं पडला होता. मी तिथं जाऊन सदरा बदलायला लागलो तसा खाजा म्हणाला, "क्या चाचा, दुल्हा बनके आए थे ना? इतने में उतार दिए?"

मी पांढऱ्या सदऱ्याची घडी घातली. मळका अंगात घातला. त्याला घामाचा अन् काथ्याचा वास होता. या वासाची मला लाज कधी वाटली नाही. त्या दिवशीही वाटली नाही. राग आला, की माझा घाम आता दुसऱ्याच्या हुकमानं अंगावर चढवावा लागतोय.

रेणुकाला याच क्लासात काय म्हणायचे ते मला माहीत होतं. ती ड्यूटीवरून तशीच खाकीत जायची, घरी येऊन कपडे बदलायला वेळ कुठला? ती दारात दिसली की सरच म्हणायचे, "आली का डबल बेल?" पोरं हसायची. मग म्हणायचे, "मागे बस, कंडक्टर. पुढे तिकीट काढलेले लोक बसलेत." फी तिनं सगळ्यांइतकीच भरली होती, पगारातून. तरी मागं बसायची. गाडी डेपोत उभी असली की डेपोत वाचायची, आगाराच्या विश्रांतीगृहात बाकीच्या बाया झोपल्या की दाराशी उजेडात बसायची. मी एकदा म्हणालो, त्या सरला भेटून येऊ का. म्हणाली, "नको आबा. ज्ञान घेऊन राहिले मी तिथं, मान न्हाई."

अन् आता तीच डबल बेल स्टेजवर पहिल्या खुर्चीत होती.

मी मळक्या सदऱ्यात स्टेजवर चढलो. रेणुकानं माझ्याकडं बघितलं, सदऱ्याकडं बघितलं, मान खाली घातली. समोर तिसऱ्या रांगेत तिची माय बसली होती, शेजारी तिची बहीण, लातूरहून मुद्दाम आलेली. सकाळी इस्त्री केलेला सदरा कुठं गेला म्हणून माय मला खुणेनं विचारत होती.

सरांनी माइक घेतला. आवाज लई गोड केला.

"मित्रांनो, ही हमालाची मुलगी. या घरात दोन वेळची चूल पेटत नव्हती. कित्येक रात्री ही मुलगी पाणी पिऊन झोपली. अशा मुलीला आमच्या क्लासनं दत्तक घेतलं."

टाळ्या. माणसं खरंच टाळ्या वाजवतात अशा गोष्टीला.

मी हमाल नाही. हमालाचं काम हलकं, असं मी म्हणत नाही. पण ज्याचं जे काम त्याला तेच नाव पाहिजे. मंडपवाला म्हटलं की लोकांना लग्न आठवतं, जेवण आठवतं. त्याला कुणी रडत नाही. म्हणून मला हमाल केलं. दत्तक घेतलं म्हणे. बाप जिवंत समोर उभा, माय तिसऱ्या रांगेत, अन् लेक दत्तक!

मी पोरीच्या मायकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. लोकांना वाटलं असंल रडून राहिली. मी तिच्यासंगं जन्म काढला. ती रडत नव्हती. तोंड लपवत होती. भरल्या सभेत, सख्ख्या बहिणीशेजारी बसवून तिला सांगितलं, की बाई, तू तुझ्या लेकराला उपाशी झोपवलंस.

सरांनी माइक माझ्या तोंडापुढं धरला. "बोला बाबा. ते दिवस आठवतात ना?" अन् माइकवर हात धरून म्हणाले, "रडलात तरी चालेल."

मी म्हणालो, "न्हाई."

"काय?"

"आमच्या घरी कुणी उपाशी झोपलं न्हाई. माझी बायको दोन्ही वक्ताला भाकरी थापत होती. पोरगी ड्यूटीवरून कितीबी उशिरा येवो, शिंक्यात तिची भाकरी असायची. मी हमालबी न्हाई. मी मंडप बांधतो."

मला वाटलं, झालं. सांगितलं. आता उतरावं.

सरांनी माइक ओढून घेतला, माझ्याकडं बोट केलं. "पाहिलंत? याला म्हणतात स्वाभिमान! उपाशी राहील, पण कबूल करणार नाही हा माणूस!"

आधीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. काही माणसं उभी राहिली. मी तोंडावर न्हाई म्हणालो, अन् त्या न्हाईचाही त्यांनी सत्कार करून टाकला. शाल गळ्यात पडली. नारळ हातात आला. मी उभा. माझा शब्द माझ्या तोंडातून निघून त्यांच्या खिशात गेला होता.

घरी आल्यावर पोरीची माय चुलीपुढं बसली अन् पीठ मळायला लागली. लई मळलं. बहीण कार्यालयातूनच लातूरला परत गेली होती, खाणारी माणसं तीन, अन् तिनं टोपलं भरलं. मी म्हणालो, बास कर. ती तव्याकडं बघतच म्हणाली, "एवढी वर्षं थापल्या भाकरी. कुठं गेल्या मग त्या सगळ्या?"

त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढं काही दिवसांनी मालकानं मला अन् खाजाला फ्लेक्स बांधायला पाठवलं. लग्नसराई नसली की आम्ही तेही काम करतो. शिडी लावली. मी वर, खाजा खाली. वरच्या दोन कोपऱ्यांना तार ओवली, पिळली, फ्लेक्स सोडला तसा खाली उलगडत गेला. रेणुकाचं तोंड. चौकात, एवढं मोठं. खाकीत नाही, निळ्या साडीत. मी वरूनच खाजाला ओरडलो, "देख, मेरी बेटी!" खाजानं खालून सलाम ठोकला. खालचे कोपरे मी दोनदा तार घालून आवळले. लेकीचा फ्लेक्स वाऱ्यानं फाटू नये.

उतरलो, रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो अन् वाचायला लागलो. अक्षराला अक्षर लावत.

उपाशीपोटी... शिकलेल्या... हमालाच्या लेकीची... भरारी.

खाली अजून होतं. दत्तक विद्यार्थिनी. मोफत मार्गदर्शन. प्रवेश सुरू.

ऑटो जाऊन राहिले होते, सिटी बस जाऊन राहिली होती. माणसं मान वर करून बघायची अन् पुढं जायची. सगळ्या नांदेडाला मी माझ्या हातानं सांगितलं होतं, की माझी बायको लेकराला जेवायला घालत नव्हती. गाठ माझी. तार माझी. पक्की बांधलेली.

खाजानं विचारलं, "क्या लिखे?"

मी सांगितलं. त्यानं शिवी हासडली. मग म्हणाला, "अब?"

"शिडी पकड."

मी परत चढलो. पकडीनं खालची तार तोडली, मग वरची. लेकीचं तोंड जमिनीवर पडायला नको म्हणून फ्लेक्स वरच गुंडाळला अन् खांद्यावर घेऊन उतरलो.

मालकाचा फोन आला. मालक ओरडला, "डोकं फिरलं का तुझं? गिऱ्हाईक हाय ते आपलं!" मग सरांचा आला. सर ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत.

"बाबा, एक छोटासा व्हिडिओ करून पाठवा. गैरसमज झाला म्हणून. नाहीतर रेणुकाला आता इकडे यायची गरज नाही. मुलाखत तोंडावर आहे. नुकसान कुणाचं, विचार करा."

मी फोन ठेवला अन् बसस्टँडवर गेलो. लातूरची गाडी लागली होती. रेणुका दारात, गळ्यात तिकिटाचं मशीन. मी चढलो. तिनं मला लातूरचं तिकीट दिलं, बापाला फुकट नेत नाही ती. लोहा मागं पडल्यावर गर्दी ओसरली, तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसली. मी झालं ते सगळं सांगितलं.

ती चिडली. "मला इचारायचं होतं, आबा."

"इचारलं असतं तर तू काय म्हणली असतीस?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या अधिकारी लोकांनी मला सांगितलंय, घरची परिस्थिती अशी सांग की समोरचा हलला पाहिजे. मी पाठ केलंय ते."

"काय पाठ केलंय?"

तिनं म्हणून दाखवलं. शुद्ध, पुण्यासारख्या भाषेत, हात मांडीवर ठेवून. "सर, आमच्याकडे अनेकदा रात्रीचं जेवण नसायचं. आई आम्हाला पाणी देऊन झोपवायची."

फ्लेक्स तोडता आला होता. हे कशानं तोडू? माझ्या लेकीच्या तोंडात, तिच्या मायबद्दल.

"हे मायसमोर म्हणशील?"

कुणीतरी मागून हाक दिली, ती उठली, दोरी ओढली, माणूस उतरवला, परत बेल दिली. परत येऊन बसली तेव्हा डोळे लाल होते.

"मग काय सांगू तिथं? बाप मंडप बांधतो, माय भाकरी करते, मी कंडक्टर हाय, एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्याला मार्क पडत न्हाईत, आबा."

"नको पडू दे."

"तुमचं काय जातं नको पडू दे म्हणायला? डोळे मी फोडले रात्र रात्र."

खरं बोलली. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. ती तिकिटं फाडत पुढं-मागं फिरत होती अन् ओठ हलत होते. पाठ केलेलं म्हणत होती का खोडत होती, मला कळलं नाही. लातूर जवळ आलं तेव्हा माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "इथंबी लागलाय तो फ्लेक्स. क्लासच्या इथल्या शाखेपुढं. रोज माझी गाडी त्याच्यासमोरून जाते."

"लई उंच हाय?"

"शिडी लागंल." मग म्हणाली, "स्टँडसमोर कलरवाल्याचं दुकान हाय. त्याच्याकडं मिळती शिडी."

गाडी परत फिरायच्या आधी तो फ्लेक्स उतरला. मी वर, ती खाली. खाकीत. शाखेतून पोरं बाहेर आली, एकानं व्हिडिओ काढला. एक जण म्हणाला, "अरे, ही तीच ना?" ती म्हणाली, "हाव, मीच." शिडी सोडली नाही.

क्लास तुटला. तिच्या मुलाखतीची तारीख आली आहे. ती एकटीच तयारी करून राहिली, डेपोत, गाडीत, जिथं जमंल तिथं. पास होईल का नाही, मला सांगता येत नाही. बाकीची पोरं हलवणारी गोष्ट सांगतील अन् ही सांगणार नाही, त्यानं मार्क जातील तर जातील. पडली तर पुन्हा बसंल, नोकरी करत करत. आमच्या चुलीवर पाणी ओतून मिळालेली खुर्ची माझ्या घरात येणार नाही. पास झाली तर हेच लोक पुन्हा शाल घेऊन येतील, त्यांना मी आत्ताच सांगून ठेवतो. दारात कामावरच्या सदऱ्यावर असलो तर तो काढणार नाही, पांढऱ्या सदऱ्यावर असलो तर तोही काढणार नाही. अन् फ्लेक्सवर आमच्या घराची भूक लिहिली, तर तो नांदेडात लावा, लातुरात लावा, किती का उंच लावा. गुडघे दुखतात, पण शिडी अजून चढता येते मला. पकड खिशातच असते.