सरळ विचारणाऱ्या मॅडम

कुणी छातीठोकपणे काही सांगितलं की मॅडम तळहात पुढे करायच्या, "आणा पुरावा." गोंदियाच्या आमच्या कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवत, मी मराठी. स्टाफरूममधले सर्वज्ञ त्यांना टरकून असत.

आणि सर्वज्ञांची आपल्याकडे काय कमतरता? तुम्हीही पाहिलं असेल. गावात कुणी आत्महत्या केली की तेरवीच्या पंगतीत भाताबरोबर कारणही वाढलं जातं. बायको भांडकुदळ होती. मोबाइल फार पाहायचा. ताटं उचलायच्या आत निकाल लागतो, आणि ती बिचारी बायको आत सगळं ऐकत असते. मॅडम भर पंगतीत म्हणत, "एका कारणानं माणूस मरत नाही. वरण वाढा."

पुस्तकातल्या सिद्धांतांनाही त्या सोडत नसत. आपण घरावर ओझं आहोत आणि आपलं कुणी नाही, असं दोन्ही वाटलं की मरावंसं वाटतं, हे वर्गात शिकवून वर सांगत, "अभ्यासात हे थोडं टिकलं, थोडं नाही. कोण, कधी, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. भविष्य पाहिजे तर ज्योतिषाकडे जा."

सौंदडला, आमच्या गावी, माझा धाकटा भाऊ कंबर मोडून घरी पडला. धानाच्या रोवणीला सगळे शेतात, बांधीतल्या चिखलात, हा खाटेवर. "मी ओझं होऊन राहिलो," एवढंच बोले. घरातल्या शहाण्यांनी ठरवलं, मरणाचा विषय काढायचा नाही, काढला तर डोक्यात शिरेल. मग त्याच्यासमोर दिवसभर क्रिकेट आणि लग्नाच्या गप्पा. धन्य ते शहाणे!

मी मॅडमना घेऊन गेलो. त्या खाटेवरच बसल्या. "मरून जावं असं वाटते काय रे?"

आमची आत्या किंचाळली, "काऊन बाई, पोराच्या डोक्यात घालून राहिल्या?"

"विचारल्यानं शिरत नाही, आत्याबाई. ते तपासून झालंय. जरा गप्प बसा."

भाऊ म्हणाला, "वाटते. रोज वाटते." आणि ढसाढसा रडला. त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे नेलं. मग औषधं, बोलणं, आणि घरात सतत कुणीतरी सोबत. आता तो किराणा दुकानात बसतो.

यंदा मॅडम काविळीनं गेल्या. फुलचूरला त्यांच्या दारात सर्वज्ञ जमलेच, आणि त्या दिवशी प्रत्येक जण त्यांचा लाडका निघाला. भाऊ काठी टेकत आला. "मले विचारणारी एकच होती," म्हणून रडू लागला.

आत्यानं त्याचा दंड धरला. चारचौघांत विचारलं, "आता वाटते काय रे, तसं?"

"कधी कधी वाटते, आत्या. पण आता तुले सांगीन."