गाडी काट्यावर चढली तेव्हा

आमच्या बाबांनी जन्मात कधी स्वतःची चूक कबूल केली नव्हती. आंधळगावच्या आसपास धान विकत घेणारा माणूसच चुकायला लागला तर धंदा कसा चालेल? पोत्याकडे नुसतं पाहून ते वजन सांगत आणि छपरीतला काटा अगदी आज्ञाधारकपणे तेवढंच दाखवी. मला या गोष्टीचं फार कौतुक होतं.

त्या वर्षी धान चांगलं झालं आणि बाबांनी मला नवी मोटरसायकल घेऊन दिली. दुसऱ्याच दिवशी ती डबल स्टँडवर लावायला गेले आणि गाडीसकट अंगणात आडवे झाले. लागलं काही नाही, पण शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते, तेच जास्त लागलं. या काकांचं सगळं धान दरवर्षी आमच्याच काट्यावर यायचं. उठता उठता बाबांनी जाहीर केलं की गाडी दीड क्विंटलच्या खाली नाही. मी गाडीसोबत आलेलं पुस्तक दाखवलं. त्यात एकशे पंधरा किलो लिहिलं होतं. बाबा म्हणाले, कंपनीवाले काहीही छापतात, घरात काटा असताना कागद कशाला?

अख्खी गाडी काही काट्यावर मावेना. मग पुढचं चाक काट्यावर आणि मागचं तेवढ्याच उंचीच्या विटांवर ठेवलं, नंतर उलट केलं. गाडी सरळ धरायला बाबांनी काकांनाच बोलावलं, म्हणजे साक्षीदारही झाला आणि फुकटचा हमालही. पुढचं चाक पन्नास, मागचं सत्तावन्न. एकूण एकशे सात, तेही टाकी काठोकाठ भरलेली असताना.

मी खदाखदा हसलो. बाबा हरले एवढंच मला कळलं होतं, अक्कल तेवढीच. काका हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि काट्याकडे बघत राहिले. तेव्हा कुठे माझं हसू आटलं. कालच आलेल्या गाडीचे आठ किलो काही झडून पडले नव्हते.

आता बाबांना दोघांपैकी एकाला कमी म्हणावं लागणार होतं, काट्याला किंवा स्वतःला. ते ओट्यावर बसले आणि गुडघा चोळू लागले.

"काटा बरोबर आहे. माह्या अंगातच आता जोर नाही राह्यला."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी कमीपणा घेतला, आणि तोही काट्याला वाचवायला. मला त्यांची दया आली, पण लाज त्याहून जास्त वाटली, कारण ही गाडी कोणाकोणाच्या पोत्यांतून निघाली होती ते आता मला दिसत होतं. काका एवढंच म्हणाले की वय तर सगळ्यांचंच होतं. चहा पिऊन ते घरी गेले. मीही तोंड उघडलं नाही, फुकटची गाडी फिरवत राहिलो.

पुढच्या दिवाळीनंतर काकांची धानाने भरलेली बैलबंडी आमच्या दारात उभी राहिली. बाबांनी काटा पुसून तयार ठेवला होता. काकांनी एकाही पोत्याला हात लावू दिला नाही.

"भाऊ, पह्यले गाडी मोजू, मंग धान."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी आतून पुस्तक आणलं आणि गाडी ढकलत काट्यापाशी नेली. विटा काकांनी बंडीतच आणल्या होत्या.