एक्केचाळिसावं दार

आमची मोठी काकू इस्त्रीवाली होती आणि माणसांची पारख ती कपड्यांवरून करायची. एखाद्या शर्टची कॉलर दोन बोटांत धरून म्हणायची, "हा गृहस्थ घरात कुणाचं ऐकत नसणार. बघ, मानेपाशी कशी झिजलीय." उशीची खोळ हातात घेऊन म्हणायची, "या घरात हल्ली कुणाला झोप लागत नाही." निदान खरं की खोटं हे तपासायला कोण जातंय. गल्लीत तिचा शब्द चालायचा, एवढं मात्र खरं.

गल्लीत तिचं सोडून एक्केचाळीस घरं. चाळीस घरांचे कपडे तिच्या टेबलावरून जायचे. एक्केचाळिसावं घर आमचं, तिच्या दारासमोर. मधे जेमतेम आठ पावलांचा रस्ता, पण आमच्या घरचा साधा रुमालसुद्धा अकरा वर्षांत तो ओलांडून पलीकडे गेला नव्हता.

झालं होतं असं. आईचा लग्नातला रेशमी पोशाख काकूकडे इस्त्रीला गेला. काकू आईची थोरली जाऊ, त्यामुळे घरच्या कपड्यांना ती जरा जास्तच जपायची. इस्त्री फिरवताना आतून काकांनी हाक मारली, ती वळली, आणि रेशमावर ऐन छातीपाशी भोक पडलं. काकू तो पोशाख घेऊन स्वतः आमच्याकडे आली. आईनं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मुद्दाम केलंत." तिनं शिव्या घातल्या असत्या तर काकूनं चार परत घातल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. पण जन्मभर लोकांचे कपडे सांभाळणाऱ्या बाईला 'मुद्दाम' म्हणायचं? काकूनं पोशाख उंबऱ्यावर ठेवला आणि घरी जाऊन दार लावून घेतलं. पुढे काका वारले. आई त्यांच्या घरी गेली, काकूशेजारी बसली, रडली, पण बोलणं काही झालं नाही. बाबा तेवढे दोन्हीकडे चहा प्यायचे. भांडण बायकांचं आणि चहा सगळ्यांचा, असं त्यांचं धोरण.

तेव्हापासून आई कपड्यांच्या घड्या करून गादीखाली घालायची. रात्रभर आम्ही त्यावर झोपायचो आणि सकाळी तेच कपडे चढवून बाहेर पडायचो. बाबा पोस्टात होते. ते तसल्या शर्टात खिडकीसमोरून गेले की काकू डोळे मिटून घ्यायची. तिला खरोखर त्रास व्हायचा. मी शाळेत जाताना मला ती हळूच आत घ्यायची, पडद्यामागे उभी करायची आणि दोन मिनिटांत शर्ट कडक करून परत द्यायची. "आईला सांगू नकोस," म्हणायची. संध्याकाळी आई माझ्या कॉलरकडे बघायची आणि जेवायला वाढायची. आईला हे कळत नाही असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मी तशी लहानपणापासून मंदच.

यंदा काकूच्या मुलानं हट्टच धरला. तो दूरच्या शहरात सातव्या मजल्यावर राहतो. "पुरे झाली ती इस्त्री, माझ्याकडे ये," म्हणाला, आणि काकू चक्क हो म्हणाली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला निघायचं ठरलं. ही बाई आठ पावलांवर असताना बोलली नाही, ती सातव्या मजल्यावरून काय बोलणार? आईच्या कानावर घातलं तर म्हणाली, "बरंच झालं. मुलगा बघेल तिच्याकडे." आणि घासलेली भांडी तिनं पुन्हा घासायला घेतली.

त्याच महिन्यात आमच्या चर्चमध्ये परदेशातून मिशनचं पथक आलं. माणसं चार. त्यातलं एक जोडपं सुतारकाम करणारं, ते आल्या दिवसापासून चर्चचे बाक दुरुस्त करत बसलं. उरलेली दोघं घरोघरी फिरणार होती. एक बाई होती, कायम छातीशी यादी धरून चालणारी. आम्ही तिला यादीवाली म्हणायचो. दुसरा निवृत्त बसड्रायव्हर, एवढा उंच की प्रत्येक दारात त्याचं कपाळ चौकटीवर आपटायचं. त्याचं नाव अर्थातच लंबू.

पाळकसाहेबांनी त्यांचा बेत समजावून सांगितला. ही मंडळी काही वाटायला आलेली नाहीत. गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन ती तासभर घरातलं काम करणार, काम करता करता गप्पा मारणार, आणि घरच्यांनी सांगितलं तर निघताना प्रार्थना करणार. एकही घर सोडणार नाहीत. माणसं जवळ आणायची ती त्यांची रीत होती. त्यांची भाषा येते म्हणून दुभाषी मी, आणि कोण कधी घरात असतं हे इस्त्रीवालीलाच ठाऊक, म्हणून वाट दाखवायला काकू.

आता आमच्या गल्लीची गंमत बघा. पाहुणे काम करायला येणार म्हटल्यावर लोकांनी काय करावं? आदल्या दिवशी घरातलं सगळं काम उरकून टाकलं. पाहुण्यांना पसारा दाखवायचा म्हणजे काय. पहिल्या घरी आम्ही गेलो तर फरशीत तोंड दिसत होतं. लंबू बाह्या वर करून उभा आणि करायला काही नाही. तासभर त्यानं एकच स्वच्छ कपाट पुसलं. दुसऱ्या घरी कामच शिल्लक नव्हतं, म्हणून बिचाऱ्या बाईनं भिंतीवरचं घड्याळ उतरवून ठेवलं होतं, त्याला परत लावायला मिळावं म्हणून. एकटा शिंपी तेवढा शहाणा निघाला. त्याला जवळचं दिसत नाही. त्यानं दोघांना समोर बसवून सुयांत दोरा ओवून घेतला, साठ सुया, आणि महिन्याभराची सोय करून टाकली.

त्या शिंप्याकडेच लंबूचा दोष ध्यानात आला. त्याला हात हलवल्याशिवाय बोलता येत नसे. बसमधली एखादी गोष्ट सांगायला लागला की हातातलं काम जिथे असेल तिथे टाकून द्यायचा आणि दोन्ही हातांनी बस चालवायला लागायचा. निम्म्या सुया आम्हाला जमिनीवरून वेचाव्या लागल्या. घरी आल्यावर मी हे सगळं नक्कल करून आईला सांगायची. आई भाजी चिरत ऐकायची, हसायची, आणि मधूनच विचारायची, "काकू काय म्हणाली मग?"

काकू रंगात आली होती. प्रत्येक दारात लंबूला "वाका" म्हणून ओरडायची. आमच्या भाषेतला तेवढा एकच शब्द तो शिकला. निघताना यादीवाली घरच्यांना विचारायची, देवाजवळ तुमच्यासाठी काय मागू? कुणी नोकरी सांगायचं, कुणी गुडघे. काकू बाहेर आल्यावर मला म्हणायची, "खोटं. त्याला खरं तर सासू जायला हवी आहे, मला त्यांच्या चादरींवरून कळतं."

तेराव्या दिवशी चाळीस घरं झाली. दुसऱ्या दिवशी पथक परत जाणार होतं, आणि त्यानंतर तीन दिवसांनी काकू. यादीवालीनं यादी बघितली आणि आमच्या दाराकडे बोट केलं. "हे राहिलं," ती म्हणाली.

मी काकूला सांगितलं. काकू रस्त्याकडे बघत म्हणाली, "तिथे कुणी राहत नाही म्हणावं."

मी सकाळी त्याच दारातून बाहेर पडले होते. पण दुभाष्यानं पदरचं काही घालायचं नसतं, म्हणून निमूट सांगितलं. नेमकी तेव्हाच आई खिडकीत येऊन फडकं झटकायला लागली.

"मग त्या कोण?" यादीवालीनं विचारलं.

"सांग," काकू म्हणाली, "असतात कधीकधी."

यादीवालीनं माझ्याकडे बघितलं, काकूकडे बघितलं. बाई हुशार होती. ती एवढंच म्हणाली की ओळखीचं कुणी बरोबर नसेल तर आम्ही परकी माणसं दार वाजवत नाही, आमचा नियम आहे. चाळीस घरांत हा नियम मी पहिल्यांदाच ऐकत होते. काकूनं बराच वेळ पदराशी चाळा केला. "उंबऱ्यापर्यंत येईन," म्हणाली. "आत नाही."

आईनं दार उघडलं. आमच्या घरी काही आवरलेलं नव्हतं. पलंगावर चुरगळलेल्या कपड्यांचा ढीग, टेबलावर घडी घातलेलं ब्लँकेट, आणि त्यावर एक गरम इस्त्री. मी बघतच राहिले. आमच्या घरात इस्त्री नव्हतीच.

"काम एवढंच आहे," आई मला म्हणाली.

लंबूनं बाबांचा पोस्टातला शर्ट घेतला आणि धोपटायला लागला. काकू उंबऱ्याबाहेर आमच्याकडे पाठ करून उभी होती. पण कानांना पाठ थोडीच असते. "बाह्या आधी घे म्हणावं त्याला," ती रस्त्याला उद्देशून बोलली. मी सांगितलं. थोड्या वेळानं, "पाणी शिंपडायचं असतं." तेही सांगितलं.

"विचार त्यांना," आई मला म्हणाली, "एवढी वर्षं बस चालवली, कधी काही गंमत झाली का?"

झाली होती. एकदा त्याच्या बसमध्ये बोकड चढला होता. लंबू खुलला. बोकडाची शिंगं केवढी होती ते दाखवायला त्याला दोन्ही हात लागले, म्हणून हातातली इस्त्री त्यानं खाली ठेवली. म्हणजे शर्टावर. मी बोकडाचं भाषांतर करण्यात गुंग होते. वास पहिल्यांदा काकूला आला.

ती चपलांसकट आत आली. कशी आली ते तिचं तिलाही कळलं नसेल. इस्त्री उचलली, उभी केली, शर्ट ओढून घेतला. पाठीवर चांगलं तळहाताएवढं भोक. लंबूचा चेहरा एवढासा झाला. त्याला रडूच यायचं राहिलं होतं. पुन्हा पुन्हा माफी मागत होता आणि मी तितक्यांदा सांगत होते.

आईनं शर्ट हातात घेतला. भोकातून एक बोट घालून बघितलं. मग माझ्याकडे बघत, पण सावकाश, अगदी नीट म्हणाली, "त्यांना सांग, वाईट वाटून घेऊ नका. गरम काम आहे, लक्ष गेलं की होतं असं. मुद्दाम कुणी करत नाही."

हे वाक्य मी त्याला सांगितलंच नाही. माझ्याच्यानं सांगवेना, आणि ते त्याच्यासाठी नव्हतंही.

काकू हातात इस्त्रीची वायर धरून उभी होती. "अकरा वर्षं लागली तुला," ती म्हणाली.

"हो, वहिनी."

"मला जन्मात कुणी असं बोललं नव्हतं."

"चुकलं माझं. तुम्ही पाठ फिरवलीत तेव्हाच कळलं होतं मला."

"मग यायचं नाही का?"

"तुम्ही दार लावून घेतलं होतंत. आले असते तर उघडलं असतंत?"

काकूनं प्रामाणिकपणे विचार केला. "पहिली दोन वर्षं नसतं उघडलं," म्हणाली. "पण तिसऱ्या वर्षी यायला काय झालं होतं?"

आईला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि काकूनं नाक ओढत इस्त्री उलटी करून तिचा तळ बघितला. "ही त्या शिंप्याची. कधी पुसलीय का बघ मेल्यानं. फडकं आण ओलं." आई धावली. काकूनं सगळा ढीग एकटीनं संपवला. लंबूला टेबलाच्या कडेला उभा केला आणि हात पाठीमागे बांधायला लावले. यादीवालीनं निघताना आईला विचारलं, काय मागू? आई म्हणाली, "वहिनींनी जाऊ नये असं नाही म्हणत. मुलगा आहे, जावं. पण पुन्हा इथे यावं." यादीवालीच्या प्रार्थनेचं मी भाषांतर केलं नाही. कुणी मागितलंही नाही. बाहेर पडताना आमची चौकट चांगली उंच असूनही लंबू वाकला.

काकू एक तारखेला गेली. तिचं टेबल भलत्याच कुणाला द्यायचं ठरलं होतं, ते आईनं हट्ट धरून आमच्याकडे आणलं. आता दर दोन महिन्यांनी काकू येते, आठवडाभर आमच्याकडेच राहते, आणि दारात पाय ठेवल्याबरोबर बाबांची कॉलर तपासते. आई इस्त्री शिकतेय. फोनवरून शिकवणी चालते आणि काकूचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जातो.

परवा ते टेबल पुसताना मी आईला विचारलं. नळ गळत होता, खिडकीची कडी तुटली होती, घरात दहा कामं पडली होती. शिंप्याची इस्त्री मागून आणून त्या वेंधळ्या माणसाच्या हातात द्यायचं तुला सुचलं कसं?

"बोलताना त्याला दोन्ही हात लागतात," आई म्हणाली, "हे तूच नव्हतंस का सांगितलं? म्हणून तर बाबांचा सगळ्यात जुना शर्ट वर ठेवला होता."

"म्हणजे तू मुद्दाम..."

"मुद्दाम," आई म्हणाली, आणि बाबांच्या शर्टावर पाणी शिंपडलं.