मुद्दाम विसकटलेली शाल

गुनवोरबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा स्वीडनमधलं आमचं कार्लस्टाड शहर जागचं थोडं हललं असावं. मी नुकताच त्या इमारतीत राहायला आलो होतो. दारावर अशी थाप पडली की खुंटीवरचे कोट खाली आले, नदीवरची बदकं उडाली आणि टपालवाल्याला न जुमानणारा तळमजल्यावरचा कुत्रा सोफ्याखाली शिरला. दार उघडलं. समोर चौकटीत जेमतेम मावणाऱ्या एक बाई, अंगात इस्त्रीचा एप्रन, हातात कागदी बशी आणि बशीत करड्या रंगाचा मऊ गोळा.

"हे तुझं," त्या म्हणाल्या.

"काय आहे?"

"कपडे वाळवायच्या यंत्राच्या जाळीत अडकलेली लव. तुझ्या मोज्यांची. आपापली जाळी आपण साफ करायची असते."

मी आभार मानून बशी घेतली. दुसरं काय करणार? त्यानंतर आमचं उत्तम जमलं.

तळघरातली धुण्याची खोली आमच्या इमारतीत सगळ्यांची मिळून एकच. कुणी कधी धुवायचं हे फळ्यावर ठरतं. पण फळ्यावर लक्ष गुनवोरबाईंचं. कुणाचं धुणं ठरल्या वेळेपलीकडे पाच मिनिटं लांबलं की त्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहत. माणूस ओले कपडे कवटाळून पळे. मात्र त्यांचं स्वतःचं घर आतून कुणीच पाहिलेलं नव्हतं. कॉफी पाजायची झाली तर त्या अंगणातल्या बाकावर पाजत, दालचिनीच्या पावासकट, आणि कप परत घेताना कड तपासत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी पुन्हा माझं दार ठोठावलं.

"योरान, मी घर विकतेय. सिग्नेच्या शेजारचं घर रिकामं झालंय."

सिग्ने ही त्यांची धाकटी बहीण. लांब उत्तरेला, ओस्टरसुंडला, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांच्या रांगेत राहते.

"लहानपणी आम्ही एका खोलीत झोपायचो. आता मध्ये एक भिंत असेल, एवढंच. ते घर माझ्यासाठी जूनअखेरच्या मिडसमरच्या सणापर्यंत राखून ठेवलंय. तोवर इथलं विकलं नाही, तर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल."

"मग दुसरं रिकामं होईल की."

"होईल ना. सिग्नेचंच होईल. काय उपयोग?"

घर विकून देणारी दलाल म्हणून तिल्डा नावाची तरतरीत मुलगी आली. आमच्याकडे घर विकायचं म्हणजे एका रविवारी ते लोकांना बघायला खुलं ठेवायचं, आणि त्याआधी त्या घरात कधी कुणी राहत नव्हतं अशी त्याची अवस्था करायची. तिल्डानं बाईंच्या नवऱ्याचा, म्हणजे कै. आर्विदचा, फोटो उतरवला. भरतकामाचे पडदे काढले. अर्धं फर्निचर तळघरात गेलं. ओट्यावर हिरव्या सफरचंदांचा वाडगा आला.

"ही कधी खायची?" बाईंनी विचारलं.

"खायची नाहीत. ती दिसायला आहेत."

"सफरचंदं?"

इथवर बाईंनी सोसलं. घर स्वच्छ करायला तर तिल्डाला जागाच सापडली नाही. तिनं फ्रीजमागं बोट फिरवून पाहिलं आणि बोट आधीपेक्षा स्वच्छ होऊन बाहेर आलं, असं तीच सांगत होती. अडलं ते शालीपाशी. तिल्डानं एक पांढरी लोकरीची शाल आणली आणि आरामखुर्चीवर भिरकावली. तिचं एक टोक जमिनीवर लोळत होतं.

"पडली ती," बाई म्हणाल्या.

"टाकलीय. घर जरा राहतं वाटायला हवं, गुनवोर. आत्ताच कुणीतरी उठून गेलंय असं."

"कोण उठून गेलं असं? या घरात शाल तशी टाकून कोणी उठलेलं नाही. आर्विद हार्ट अटॅकनं गेला, तोसुद्धा घडी घालून गेला."

तिल्डानं त्यांच्याकडून वचन घेतलं की शालीला हात लावायचा नाही. बाईंनी दिलं. पण आठवडाभर वरून पावलं ऐकू येत. पावलं खुर्चीपाशी जात, थांबत, परत येत, पुन्हा जात. मी खाली झोपतो, मला कळतं.

रविवारी मालकानं घरात थांबायचं नाही असा रिवाज आहे. बाई म्हणाल्या, मी चर्चमध्ये जाते. दुपारी दार उघडलं आणि आमची अख्खी इमारत जिन्यावर रांगेत उभी राहिली. घर कुणालाच घ्यायचं नव्हतं. दुसऱ्याचं घर बघायला मिळतंय तर बघून यावं, ही आमच्याकडे रविवारची करमणूक आहे. त्यात हे घर. लोक प्रवासाहून लवकर परतले होते. सगळे पायांत निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून चर्र चर्र करत फिरत होते आणि फ्रीजमागं डोकावत होते. मीही डोकावलो.

मग आर्विदचा जुना रेनकोट घातलेली, काळा चष्मा लावलेली एक उंच व्यक्ती आत आली. बाहेर लख्ख ऊन होतं. ती व्यक्ती थेट खुर्चीपाशी गेली, शालीची चौकोनी घडी घातली आणि सुटकेचा निश्वास टाकला. इमारतीतल्या सगळ्यांनी ओळखलं. सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

खरं गिऱ्हाईक त्या गर्दीत एकच होतं. हातात मोजपट्टी घेतलेला एक गृहस्थ. दुर्दैवानं तो रेनकोटकडेच वळला.

"तुम्ही याच इमारतीतल्या का?"

"हो."

"शांतता असते?"

"इथली बाई होती तोवर होती."

"कशी होती बाई?"

"खडूस. पण जाळी साफ ठेवायची."

"मग का विकतेय?"

इथं दुसऱ्या कुठल्याही देशातल्या माणसानं खांदे उडवले असते. गुनवोरबाईंना प्रश्न विचारला होता, आणि प्रश्नाला खरं उत्तर असतं.

"बहिणीशेजारी जायचंय. मिडसमरच्या आत विकावंच लागेल, नाहीतर तिकडचं घर जाईल. आणि हिवाळ्यात झोपायच्या खोलीची खिडकी गार वारा सोडते."

तिल्डाच्या हातातली माहितीपत्रकं खाली पडली. बाईंनी ती उचलून कडा जुळवून परत दिली.

आमच्याकडे बोली फोनवरून लावतात आणि एकमेकांवर चढवत नेतात. चढवायला निदान दोघं लागतात. त्या आठवड्यात बोली एकच आली, मोजपट्टीवाल्याची, मागितल्या किमतीपेक्षा बरीच खाली. तिल्डा रडवेली झाली होती.

"त्याला माहीत आहे तुम्हाला घाई आहे. तो आता कशाला वाढवेल?"

मला एक कल्पना सुचली. "बाई, मी खोटी बोली लावतो. तो घाबरून वर चढेल, मग मी माघार घेईन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लवेची बशी घेऊन आल्या होत्या तेव्हाही असंच पाहिलं होतं.

"तुला हे घर घ्यायचंय?"

"नाही."

"मग गप्प बस. त्यानं विचारलं, मी सांगितलं. मला सिग्नेकडे जायचंय, त्या किमतीत जाता येतंय. द्या त्याला."

त्यांनी सह्या केल्या. मिडसमरच्या आधी सामान उत्तरेला गेलं. निघताना त्यांनी मला ती पांढरी शाल दिली. तिल्डाला परत करायची होती, पण आधी धुऊन, जाळी साफ करून.

बहिणी आता भिंतीला भिंत लावून राहतात. तिथंही धुण्याची खोली एकच आहे, आणि ऑक्टोबरपासून त्या एकमेकींशी बोलत नाहीत.