सर्व्हिस रोडच्या कडेला उभी असलेली बाई

निवृत्त झालो तरी एक प्रकरण डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आठवले की आजही माझी चिडचिड होते, ते प्रकरण मात्र एका साध्या अपघाताचे आहे. त्यात फरारी आरोपी नव्हता, लपवलेले हत्यार नव्हते. सगळी सभ्य, नीट बोलणारी माणसे होती. चिडचिड होते ती त्यामुळेच.

मोबाइलवर येणारे फोन फुकट झाल्यानंतरची ती वर्षे. त्याआधी आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. माणसे नाव पाहून फोन कापत आणि घरी पोचल्यावर घरच्या फोनवरून बोलत. पैसे पडायचे थांबले आणि उचलावा की नाही हा विचारही थांबला. हिंजवडीत कंपन्या वाढत होत्या, वारज्यात इमारती उठत होत्या आणि दोन्हींच्या मधला रस्ता होता तेवढाच होता. मी निरीक्षक होतो. वारज्याची हद्द आमच्या ठाण्याकडे होती. सकाळची हजेरी झाली की मी स्टेशन डायरी वाचायला घेई. अपघाताची नोंद नाही असे पान सापडले तर हवालदार ते मला मुद्दाम उघडून दाखवीत.

कंपन्या सुटायच्या वेळी महामार्गालगतच्या सर्व्हिस रोडवर एका कारने एका बाईला उडवले. बाई अकोल्याकडची. नवरा खडकीच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटी कामगार, ही विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये पोळ्या करायला जाई. कामावरून परतताना रस्ता ओलांडण्यासाठी थांबली होती, असे तिचे म्हणणे. मांडीचे हाड आणि कंबर, दोन्ही मोडली.

कारचालक चाळिशीतला, एका आयटी कंपनीत वरच्या हुद्द्यावर. तो पळून गेला नाही, हे आधी सांगतो. त्याने बाईला स्वतःच्या गाडीत घालून रुग्णालयात नेले आणि तिथून स्वतःहून ठाण्यात आला. दारू प्यालेला नव्हता, वैद्यकीय तपासणीत तेही स्पष्ट झाले. त्याचा जबाब सरळ होता : "बाई एकदम धावत रस्त्यात आल्या. ब्रेक मारायला वेळच मिळाला नाही."

दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन मी बाईचा जबाब घ्यायला गेलो. तिला बोलताना धाप लागत होती, पण शब्द पक्के होते.

"मी पयाली नाही साहेब. मी कडंले उभीच होती."

नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो मधेच म्हणाला, "उभी कायची राहते हे! हिले सदाची घाई असते, साहेब. गावाकडे आईले फोन केला तं तेबी म्हणे, पयाली असन."

"तुमी होते काय तिथं?" बाईने विचारले.

"सारे सांगतात ना."

"सारे होते काय तिथं?"

नवऱ्याला ते पटले नव्हते. बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "पाय मोडला तं मोडला, साहेब. पण हे म्हणतात का मीच आणली आफत घरावर. सासूबी तेच म्हणते. आता जलमभर आइकावं लागन."

कायद्याच्या बाजूने पाहिले तरी प्रश्न तोच होता. बाई धावली असेल, तर चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध होत नव्हता आणि तिला भरपाई मिळण्याची शक्यताही संपत होती. बाई उभी असेल, तर गुन्हा होता. मधली वाट नव्हती.

अपघाताच्या जागेसमोरच झेरॉक्सचे दुकान. मालक मूळचे शनिवार पेठेतले, वारज्यात येऊन दुकान थाटलेले. त्यांनी त्याच संध्याकाळी आमच्या शिपायाला "बाई धावली" असे सांगितले होते. मी स्वतः गेलो.

"आपण बाईंना धावताना पाहिलंत?"

"अहो साहेब, मी दुकान चालवतो, टेहळणी बुरूज नाही. आवाज झाला, मी वर पाहिलं. बाई पडलेल्या होत्या."

"मग धावल्या असं कशावरून सांगितलंत?"

"गाडीवाले म्हणाले. चांगले शिकलेले दिसत होते. शिवाय लोक इथे धावतातच. आपण कधी इथे रस्ता ओलांडून पाहिलाय का?"

"म्हणजे पाहिलं नाहीत."

"पाहिलं नाही असं लिहा. मला काय, मी कुठे नाही म्हणतोय?"

रस्त्यावर गोळा झालेल्या प्रत्येकाचे असेच निघाले. सगळ्यांनी आधी आवाज ऐकला, मग पाहिले आणि मग गाडीवाल्याचे वाक्य आपले म्हणून आम्हाला दिले. एका वाक्याचे पाच साक्षीदार झाले होते.

मला शंका होती ती पंचनाम्यामुळे. मी टेप घेऊन स्वतः मोजमाप केले होते. हेडलाइटच्या काचा रस्त्याच्या मध्यात नव्हत्या. डांबर संपते तिथे, मातीच्या कडेला पडल्या होत्या. बाईची भाजीची पिशवी मातीतच होती. रस्ता सरळ, उजेड पुरेसा. धडकेच्या आधी टायर घासल्याची खूण नाही, सगळ्या खुणा धडकेच्या पुढच्या. आरटीओच्या निरीक्षकाने गाडी तपासून ब्रेक ठीक असल्याचे लिहून दिले. म्हणजे बाई गाडीकडे आली नव्हती, गाडी बाईकडे गेली होती. पण न पिता, न झोपता, सरळ रस्त्यावर शहाणा माणूस गाडी कडेला का नेईल?

याचे उत्तर ठाण्याच्या फोनवर आले. एका बाईंचा आवाज, मागे हॉर्नची कटकट.

"त्या सर्व्हिस रोडच्या ॲक्सिडेंटबद्दल सांगायचं होतं. तो कारवाला ना, फोनवर होता. मी मागे होते, त्याचा हात कानाला गेलेला मला क्लिअर दिसला."

"आपलं नाव सांगता का?"

"नाव नको प्लीज, मला कोर्टबिर्ट नाही जमणार."

"बरं, इथे येऊन दोन मिनिटं भेटता का? आपण आत्ता कुठे आहात?"

"आत्ता मी गाडीवर आहे ना, स्कूटरवर. फोन स्कार्फमध्ये खोचलाय, म्हणून आवाज असा येतोय."

मी डोळे मिटले. म्हटले, "बाई, आधी गाडी कडेला घ्या."

"नाही नाही, इट्स ओके, हॅण्ड्सफ्रीच आहे. चला, सिग्नल सुटला!"

आणि फोन बंद. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याची तक्रार त्या बाईंनी गाडी चालवता चालवता केली. मी हवालदारांकडे पाहिले. ते म्हणाले, "साहेब, डायरीत कसं लिहू?" मी म्हटले, "जसं घडलं तसंच लिहा. कोणी विश्वास ठेवणार नाही, पण लिहा."

निनावी फोन पुरावा होत नाही. मी चालकाला चौकशीला बोलावले. तो वेळेवर आला, सोबत पत्नीही आली. त्या जरा घाबरलेल्या होत्या, तो शांत होता.

"त्या वेळी आपण मोबाइलवर बोलत होता?"

त्याला ते लागले. "साहेब, मी गाडी चालवताना फोनवर बोलत नाही. कधीच नाही. बोलणाऱ्यांची मला चीड आहे. टीममधल्या मुलांना मी यावरून झापतो, वाटल्यास ऑफिसात विचारा."

इतक्या वर्षांत खोटे बोलणारी पुष्कळ माणसे माझ्यासमोर बसली. खोटे बोलणारा नजर चुकवतो असे लोक म्हणतात, पण तसे काही नसते. तो जास्तीचा तपशील देतो. हा माणूस तपशील देत नव्हता. त्याला मनापासून राग आला होता. मी पुन्हा दोन-तीन बाजूंनी विचारले. उत्तर तेच. मी थोडा अडलो.

तेव्हा पत्नी पुढे सरसावल्या. "साहेब, ह्यांच्याबद्दल असं कोणी म्हणूच शकत नाही. इतके कडक आहेत ना त्या बाबतीत! त्या दिवशी मीच फोन केला होता, तर माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत."

"म्हणजे उचलला नाही?"

"उचलला ना. पण 'गाडी चालवतोय, नंतर बोलतो' एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. नेहमीच असं करतात. माझे वडील असोत, ह्यांचे बॉस असोत, सगळ्यांना एकच वाक्य."

चालकाने मान हलवली. अभिमानाने. "तेच तर सांगतोय मी."

हवालदार जबाब लिहीत होते, त्यांचे पेन थांबले. त्या दोघांना आम्ही का थांबलो, ते कळले नव्हते.

"हा फोन अपघाताच्या किती आधी आला?"

"लगेच... म्हणजे ठेवला आणि..." तो थांबला. "पण साहेब, ते बोलणं नाही."

"मग काय आहे?"

"बोलू शकत नाही, हे सांगणं आहे. न उचलणं बरं दिसत नाही हो. घरी काळजी करतात."

मला राग आवरेना. मी उठलो. जप्त केलेली त्याची गाडी आवारातच उभी होती. त्याला चालकाच्या जागेवर बसवले, पट्टा लावायला सांगितला आणि फोन त्या दिवशी होता तिथे ठेवायला सांगितले. त्याने तो पँटच्या उजव्या खिशात ठेवला. मग पत्नीला म्हटले, लावा फोन. मी घड्याळ पाहत उभा राहिलो.

फोन वाजला. पट्ट्याखालून खिशात हात जाईना. तो कंबर उचलून वाकडा झाला. फोन काढला, नाव पाहिले, बटण दाबले, कानाला लावला, "गाडी चालवतोय, नंतर बोलतो" म्हणाला, खाली घेतला, बंद झाला का ते पाहिले. सात सेकंद. आणि कंबर उचलताना त्याचा डावा हात स्टीअरिंगवर होता, त्याने ते डावीकडे ओढले. ते त्याला स्वतःलाच दिसले.

"वेग किती होता?"

"चाळीस. जास्त नव्हता."

"चाळीसला सेकंदाला अकरा मीटर. सातला सत्त्याहत्तर. त्यातला निम्मा वेळ तुम्ही रस्त्याकडे पाहत होता असं धरू. तरी जवळजवळ चाळीस मीटर तुम्ही न पाहता गेलात. आता सांगा, बाई तुम्हाला पहिल्यांदा कुठे दिसल्या?"

त्याने समोरच्या काचेतून आमच्या भिंतीकडे पाहिले.

"मान वर केली तेव्हा समोर होत्या. एकदम. त्याआधी नव्हत्या."

"नव्हत्या, की तुम्ही पाहिल्या नव्हत्या?"

"मला त्या धावत आल्यासारख्याच दिसल्या, साहेब. खरंच." तो माझ्याकडे वळला. "मी खोटं नाही बोललो."

"ते मला पटलंय," मी म्हटले. खरोखरच पटले होते. मान खाली घालून वर केली की उभे असलेले माणूसही उडी मारून समोर आल्यासारखे दिसते.

पत्नी गाडीशेजारी उभ्या होत्या. हातातल्या फोनचे काय करावे ते त्यांना कळत नव्हते. मी विचारले, "आपण कशासाठी फोन केला होता त्यांना?"

"काही नाही हो," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. "कुठपर्यंत आलात, एवढंच विचारायचं होतं."

पुढचे सगळे रीतसर झाले. त्याने नवा जबाब दिला, कसलीही घासाघीस केली नाही. फोन कंपनीकडून मागवलेल्या माहितीनेही तेच दाखवले. निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचे दोषारोपपत्र गेले, न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला.

दोषारोपपत्राच्या आधी मी रुग्णालयात गेलो. खरे तर गरज नव्हती, शिपाई जाऊ शकला असता. बाई पायाला वजन बांधून पडली होती. मी नवऱ्याला समोर बसवले आणि चालकाचा जबाब वाचून दाखवला. तो संपल्यावर नवरा म्हणाला, "म्हंजे हे उभीच होती?"

"उभीच होती. डांबराच्या बाहेर, मातीत."

बाईच म्हणाली, "आता आईले सांगा."

"सांगतो सावकाश."

"सावकाश नाही. आत्ता. अन् तुमी नका सांगू, तुमचं कोन आइकते? साहेबांले सांगू द्या."

नवऱ्याने अवघडून माझ्याकडे पाहिले, मग गावात शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि आईला बोलावून घेतले. म्हातारीचा आवाज आल्यावर मोबाइल माझ्या हातात दिला. मी खाटेजवळ उभा राहून, पोलीस निरीक्षक बोलतोय असे सांगून, तुमची सून धावली नव्हती, चूक गाडीवाल्याची आहे आणि त्याने ती मान्य केली आहे, असे सांगितले. मग म्हातारी म्हणाली, "बरं. पोरीले म्हना, जेवत जाय."

मी निरोप सांगितला. बाईने चादरीचे टोक तोंडावर ओढून घेतले.

नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला शिकवले होते की तपास म्हणजे खोटे बोलणारा शोधणे. या प्रकरणात तसा कोणीच नव्हता. चालकाला जे दिसले ते त्याने सांगितले, लोकांनी जे ऐकले ते सांगितले, आणि या सगळ्या खरेपणातून एक मोडलेली बाई गुन्हेगार ठरत आली होती. तेव्हापासून मी 'पाहिलं का' आणि 'कधीपासून पाहत होता' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारू लागलो.

त्या चालकासारखी माणसे मला आजही रोज भेटतात. "आम्ही गाडीवर बोलत नाही, उचलून फक्त सांगतो," असे ती मलाच समजावतात. त्यांना म्हणावेसे वाटते, बाबांनो, नका सांगू. वाजू द्या. गाडीत मी फोन मागच्या सीटवर ठेवतो आणि घरी पोचेपर्यंत त्याला हात लावत नाही. माझी मुलगी यावरून भांडते. म्हणते, "बाबा, तुम्ही उचलत नाही, मग आम्हाला काळजी वाटत राहते."

वाटू दे.