ओढलेला लगाम

शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्याला थांबवायला मी लगाम ओढला होता, एवढी मी शहाणी! नवी सून, डोक्यात नुसती हवा. लगाम ताणला की आणखी जोरात पळायचं, हेच तर त्याला जन्मभर शिकवलेलं. मी ओढत गेले, तो उधळत गेला, आणि समोर काटेरी कुंपण. भीतीनं हातातला लगामच सुटला, तसा तो मंदावत कुंपणाच्या अलीकडेच उभा राहिला.

रेसकोर्सवरून आलेली आमची नवी घोडी आज पहिल्यांदाच मान खाली सोडून, फुर्र करत चरते आहे. शर्यत संपली, हे तिला आत्ता कुठं पटलंय. मलाही वेळच लागला होता. त्या दिवशी उभ्या घोड्यावर मी किंचाळतच होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, घोडा थांबला! आता तू थांब की."