बावीस मिनिटांचं काम

पंजाबराव मिस्तरी गाडी दुरुस्त करून परत देताना गिऱ्हाइकाला आधी हात पुढं करायला लावतो. किल्ली नंतर. त्या तळहातावर तो गाडीतून निघालेला निकामी भाग ठेवतो, जळका फ्यूज असो की झिजलेला वायसर, आणि म्हणतो, "हे होतं." मेडशीच्या फाट्यावरच्या त्याच्या गॅरेजातून गेल्या चाळीस वर्षांत एकही गाडी याशिवाय बाहेर पडलेली नाही. एकदा एका साहेबाचा ड्रायव्हर म्हणाला, "ठेव तो कचरा तुझ्याजवळच." झालं, पंजाबराव किल्ली देईना. "दुखनं पाह्यल्याबिगर गाडी न्याची नाही," म्हणाला. शेवटी साहेबाला स्वतः खाली उतरून हात पसरावा लागला.

मी हेमसिंग राठोड. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. रिटायर झाल्यापासून माझा दिवस त्याच्या गॅरेजातल्या बाकड्यावर जातो. कंडक्टरकीची एक खोड मात्र गेलेली नाही. कुठलंही काम सुरू झालं की मी घड्याळ पाहतो, संपलं की पुन्हा पाहतो. घरचे वैतागतात. या खोडीनं एक दिवस माझ्या मित्राचं काळीज चिरलं, म्हणून हे सगळं सांगायला बसलो आहे.

पंजाबरावची स्वतःची गाडी म्हणजे ब्याऐंशीची पांढरी अ‍ॅम्बेसेडर. रिसोडच्या एका अडत्याच्या गोदामात ती पडून होती, सीटमध्ये उंदरांचा संसार थाटलेला. यानं ती ओढून आणली, दोन वर्षं तिच्यामागं खपला आणि रस्त्यावर काढली. त्याची बायको दुर्गाबाई. मी तिला वहिनी म्हणायचो. ती गाडीला सवत म्हणायची, पण पुढच्या सीटवर बसायची वेळ आली की दहा मिनिटं आधीच पदर सावरून तयार. दरवर्षी अशोक विजयादशमीला ही दोघं त्या गाडीनं नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. मी जातीनं बंजारा, पण माझी मुलगी राखी नागपुरात दिली आहे, म्हणून मागची सीट माझी ठरलेली.

चार वर्षांपूर्वी त्या गाडीचे वायपर बंद पडले. बटन दाबलं की मोटर घूं घूं करायची, काचेवरच्या काड्या जागच्या हलायच्या नाहीत. पंजाबरावनं नुसता कान लावला आणि निकाल दिला, "मोटरीतल्या गिअरचे दाते गेले. हा पार्ट आता भेटत नाही." अकोल्याला विचारून झालं, भंगारवाले पालथे घालून झाले. पार्ट काही मिळाला नाही. मोटरचं झाकण त्यानं उघडूनसुद्धा पाहिलं नाही. दुसऱ्याच्या गाडीला कधी असं केलं नसतं त्यानं.

मग त्यानं सुतळीचा जुगाड केला. एक सुतळी उजव्या वायपरला बांधून खिडकीच्या त्रिकोणी काचेतून आत घेतली, दुसरी डाव्या वायपरला बांधून डावीकडून आत. पाऊस आला की हा एका हातानं स्टेअरिंग धरून उजवीकडून ओढणार, की वहिनी डावीकडून ओढणार. ओढ, सोड, ओढ, सोड. मागं बसून हसून हसून माझं पोट दुखायचं. "तुमी बोटभर ओढता, मी हातभर ओढते," ती म्हणायची. "गाडी कोन चालवून राह्यलं मंग?" हा म्हणायचा. कुणी वायपर नीट करून घ्या म्हटलं तर तीच आडवी यायची. "राहू द्या. गॅरेजात मले पान्याले हात लावू देत नाही हे. तेवढंच एक काम आमी दोघं मिळून करतो."

खरं सांगतो, त्या सुतळीवर दोघांचाही जीव होता.

मागच्या वर्षी परतीचा पाऊस लांबला. सोंगलेल्या सोयाबीनचे ढीग शेतात भिजत पडलेले, सगळ्यांची तोंडं उतरलेली. आम्ही नागपूरला गेलो तेव्हा जाताना पाऊस, येताना त्याहून जास्त. येताना बडनेऱ्यापासून पार अकोल्यापर्यंत वहिनीनं सुतळी ओढली. मधेच ती म्हणाली, "हेमसिंगभाऊ, डावा हात लई दुखून राह्यला." मी कसला शहाणा! म्हणालो, "वहिनी, तुमचं अर्धं तिकीट माफ." ती हसली आणि ओढत राहिली.

घरी आल्यावर पंजाबरावनं दोन दिवस तिच्या हाताला तेल चोळून दिलं. हात सुतळीनं भरून आला, असंच तोही समजला, तीही समजली, मीही समजलो. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली ती उठलीच नाही. शेजारच्या जीपनं वाशीमला नेलं. डॉक्टरांनी पाहिलं, हात धुतले आणि विचारलं, "दोन-चार दिवसांत डावा हात दुखत होता का?" पंजाबराव माझ्याकडं पाहत राहिला फक्त.

त्यांची एकुलती मुलगी पौर्णिमा वाशीमलाच एका दवाखान्यात नर्स आहे. वहिनीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले सगळे पांगल्यावर ती बापासमोर उभी राहिली. "साऱ्या तालुक्याच्या गाड्या दुरुस्त केल्या तुमी. माझ्या आईच्या हातात सुतळी देली. ज्या दिवशी ते वायपर चालू होतीन ना, त्या दिवशी मी या घरी येईन. तोवर नाही." आणि गेली. वर्षभर आली नाही. फोन केला तर उचलायची, "बरी आहो" म्हणायची, ठेवायची. पंजाबरावला दुसरं कुणी नाही. ती पोरगी परत येते की नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर तो माणूस वर्षभर टांगलेला होता. तरी गाडीला हात लावायची त्याची हिंमत होत नव्हती. ताडपत्री टाकून गाडी मागं उभी केलेली. सुतळी तशीच.

गेल्या बुधवारी सकाळी मी गेलो तर ताडपत्री निघालेली. "बस," म्हणाला, "आज उघडून पाहतो. पार्ट नसन भेटत तर लेथवर बनवून घेईन. महिना लागो की दोन महिने लागो."

त्यानं बॉनेट उघडलं. मी सवयीनं घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं.

त्यानं मोटरच्या झाकणाचे स्क्रू काढले. आत जुनं ग्रीस काळंकुट्ट होऊन थिजलेलं होतं. चिंधीनं त्यानं ते पुसलं आणि बोटानं गिअर फिरवला. दाते जसेच्या तसे होते, एकही गेलेला नव्हता. मग त्यानं ग्रीसमध्ये बोट घालून काहीतरी बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. तुरीच्या दाण्याएवढी एक लोखंडी रिंग, एका बाजूनं तुटलेली. गिअरवरून जी दांडी वायपरची केबल पुढं-मागं ढकलते, ती दांडी जागेवर धरून ठेवणारी ही रिंग. रिंग तुटली, दांडी निसटली, मोटर एकटीच फिरत राहिली. एवढंच झालं होतं.

तसली रिंग त्याच्या डब्यात पन्नास पडलेल्या होत्या. त्यानं एक घेतली, दांडी बसवली, रिंग चढवली, ताजं ग्रीस भरलं, झाकण लावलं. मग वायपरच्या सुतळ्या सोडल्या. उजवीकडची पटकन सुटली. डावीकडची गाठ वहिनीनं मारलेली होती, ती त्याला सुटेना आणि कापायचीही नव्हती. नखांनी तो बराच वेळ झटत राहिला. गाठ सुटल्यावर त्यानं बटन दाबलं. कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरू लागले.

"किती टाईम लागला, हेमसिंग?" त्यानं विचारलं.

एकतीस वर्षांत कधी खोटी वेळ लिहिली नव्हती. तोंडातून निघून गेलं, "बावीस मिनिटं."

मी तेव्हाच जीभ चावली. खोटं बोलायला काय जात होतं माझं? तो बंपरवर बसला. "सुतळी किती हलकी ओढल्या जाये," म्हणाला. "दाते गेले असते तर गिअर संगं फिरला असता, अशी हलकी आली नसती. माह्या हातात होतं ते, हेमसिंग. तीन वर्सं माह्या हातात होतं." मग तो रडला. त्याला रडताना मी मयतीतही पाहिलं नव्हतं.

पौर्णिमाला फोन मीच केला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती आली. मी आधीच पंजाबरावला बजावून ठेवलं होतं, "पार्ट दुरून मागवला, दोन महिने लागले, असं सांग. तिच्याही जिवाला बरं, तुझ्याही." त्यानं मान हलवली होती. पण ती समोर आल्यावर हा म्हणाला, "हात कर, बेटा."

तिनं हात पुढं केला. लहानपणापासून पाहिलेलं होतं तिनं ते. त्यानं ती तुटकी रिंग तिच्या तळहातावर ठेवली. "हे होतं. बावीस मिनिटांचं काम. मी उघडून पाह्यलं नाही."

पौर्णिमानं मूठ मिटली. ती वळली आणि स्टँडकडं चालू लागली. मी पंजाबरावकडं पाहिलं. तो गाडीत जाऊन बसला होता आणि त्यानं वायपर चालू केले होते. मी तिच्या मागं धावलो.

स्टँडवर ती उभी होती, मूठ तशीच मिटलेली. "काका," ती म्हणाली, "आईनं मले फोन केला होता. नागपूरहून आल्यावर. हात दुखते म्हने. मी नर्स आहो, काका. रोज लोकायले इचारते, कुठं दुखते, कवापासून दुखते. आईले एक सवाल इचारला नाही. म्हटलं, सुतळी ओढली असन, मलम लाव." तिनं मिटलेली मूठ माझ्यासमोर धरली. "वर्सभर मी बाबाले बोलली. बाबानं त्यायचं आनून माझ्या हातावर ठेवलं. माझं मी कोनाच्या हातावर ठेवू?"

"त्याच्याच," मी म्हणालो. दुसरं मला काय सुचणार?

वाशीमची गाडी आली. मी ड्रायव्हरला हात करून पुढं जायला सांगितलं. प्रवासी उभा असताना गाडी सोडून द्यायची माझी ही पहिलीच वेळ.

आम्ही परत आलो तेव्हा वायपर चालूच होते. पौर्णिमानं डावीकडचं दार उघडलं आणि आईच्या जागी बसली. बापाचा हात हातात घेऊन तिनं सगळं सांगितलं, फोनचं, मलमाचं. तो ऐकत होता. मग त्यानं दुसऱ्या हातानं वायपर बंद केले आणि म्हणाला, "वर्सभर एकटीच घेऊन फिरली काय तू हे?" त्यावर ती पोरगी अशी रडली की फाट्यावरचे लोक वळून पाहायला लागले.

मी मागच्या दारापाशी उभा होतो. तेव्हाच माझंही मी त्यांच्या हातावर ठेवायला हवं होतं. मागच्या वर्षी नागपूरहून येताना अकोल्याला पाऊस थांबला होता. वहिनीनं सुतळी सोडली होती, त्रिकोणी काच लावून घेतली होती, पदरानं तोंड पुसलं होतं. पातूर आलं तेव्हा तिचं तोंड पुन्हा ओलं होतं. मी समोरच्या आरशात ते पाहिलं. काच बंद, पाऊस नाही, आणि हा घाम कुठला, असं माझ्या मनात आलंसुद्धा होतं. मग मला झोप लागली.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही; तेव्हापासून गॅरेजाकडंही फिरकलो नाही. परवा आम्ही तिघं नागपूरला निघणार आहोत. मागची सीट माझीच आहे, असं पंजाबरावनं निरोप धाडून कळवलं आहे.